दोन अठ्ठ्याण्णव : नशेचे आकडे कसे वाचायचे?

व्यसन या विषयावरचे संशोधन-आराखडे बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतात. 'अलीकडच्या काळात तरुणांमधील अमली पदार्थांच्या सेवनाचे प्रमाण चिंताजनकरीत्या वाढले आहे.' माझाही असाच सुरू झाला होता. गाईडनी 'वाढले' या शब्दाखाली रेघ मारून समासात एवढंच लिहिलं, 'कशावरून?' मी पोलिसांच्या गुन्ह्यांचा तक्ता पुढे केला. त्यांनी विचारलं, "ही नशा वाढली की नोंद वाढली?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना माझा विषयच बदलला. आज मी मुंबईतल्या नशेचा इतिहास कमी आणि तिच्या नोंदींचा इतिहास जास्त वाचतो. तुमच्यापैकी जे इतिहास, समाजशास्त्र किंवा समाजकार्यात पीएचडीची तयारी करत आहेत, त्यांना कधी ना कधी असे आकडे हाताळावे लागतील. म्हणून या लेखात मुंबईचीच चार-पाच उदाहरणं घेऊन बघू, की बेकायदा वस्तूचा आकडा तयार कसा होतो आणि तो वाचताना कुठे फसायला होतं.

यात दोन आकडे योगायोगाने सारखेच आहेत. एक १८९४चा, एक १९२२चा, आणि दोन्ही ९८. एक खरा वाटत नाही इतका लहान आहे, दुसरा खरा वाटत नाही इतका मोठा. दोन्ही नीट समजले तर या विषयातली निम्मी पद्धत समजली असं धरा.

आधी 'बेकायदा' म्हणजे काय ते बघू

आजच्या डोक्याने आपण धरून चालतो की अफू म्हणजे गुन्हा. पण एकोणिसाव्या शतकातली मुंबई अफूच्या व्यापारावर वाढलेली होती. मराठेशाही संपल्यावरही अफू पिकवणारा माळव्याचा बराच मुलूख शिंदे, होळकर आणि इतर संस्थानिकांकडे राहिला. बंगाल-बिहारात पिकावर कंपनीची मक्तेदारी होती. माळव्यात तशी बसवता येईना. आधी कंपनीने माल अडवायचा प्रयत्न केला, तेव्हा व्यापाऱ्यांनी वळसा घेतला : पालीवरून जैसलमेर, तिथून कराची आणि मग समुद्रमार्गे पोर्तुगीजांचं दमण. तिथून माल चीनला.

शेवटी १८३१ मध्ये कंपनीने धोरण बदललं. पेटीमागे १७५ रुपये भरा, पास घ्या आणि मुंबईतून खुशाल माल पाठवा. तरीही लोक कराचीमार्गेच जातात म्हटल्यावर १८३५ मध्ये हा दर १२५ वर आणला. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, कराचीची वाट बंद झाली, आणि मग दर वाढत वाढत १८४७ पर्यंत ४०० रुपयांवर गेला.

यात आपल्या कामाचं काय? पेटी तीच, अफू तीच, व्यापारीही बहुधा तोच. मुंबईतून गेली तर व्यापार, दमणमधून गेली तर तस्करी. १८४३ नंतर तस्करी घटलेली दिसते ती रेषा सरकल्यामुळे. चीनमध्ये अफू ओढणाऱ्यांची संख्या घटल्यामुळे नव्हे. या सगळ्या व्यवहारावर अमर फारुकी यांचं 'स्मगलिंग अ‍ॅज सबव्हर्जन' हे पुस्तक आहे. ते जरूर वाचा. हिंदी व्यापाऱ्यांच्या भांडवलाचा मोठा हिस्सा या 'तस्करी'तून कसा उभा राहिला, हे त्यात नीट मांडलं आहे.

म्हणजे पहिला धडा असा : बेकायदा वस्तूच्या आलेखात उडी किंवा घसरण दिसली, की सगळ्यात आधी त्या वर्षी कायदा बदलला होता का ते तपासायचं. त्यासाठी एका कागदावर कायद्यांची साधी सनावळी लिहून भिंतीवर लावा. १८७८चा अफू कायदा. १९३०चा डेंजरस ड्रग्ज अ‍ॅक्ट. १९५९ साली बंद झालेली अफूची खुली विक्री. १९६१चा आंतरराष्ट्रीय करार. १९८५चा एनडीपीएस कायदा आणि त्याची २००१ची दुरुस्ती. मी लावली आहे, आणि तिने मला बऱ्याच चुकांपासून वाचवलं आहे.

पहिले अठ्ठ्याण्णव : वेड्यांच्या इस्पितळातली वही

१८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत गांजाचा प्रश्न निघाला. गांजाने हिंदुस्थानातले लोक वेडे होतात, वेड्यांची इस्पितळं त्यांनीच भरली आहेत, असा समज तेव्हा पक्का होता. त्याला आधार होता इस्पितळांच्या वार्षिक अहवालांचा. दरवर्षी छापील तक्ता निघायचा, त्यात 'वेडाचे कारण' असा रकाना असायचा आणि त्यात गांजाचं नाव ठळकपणे यायचं.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. हाच इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन, १८९३-९४. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. आयोग देशभर फिरला, १,१९३ साक्षी नोंदवल्या, सात खंडांचा अहवाल दिला. पण त्यांनी केलेलं सगळ्यात मोलाचं काम वेगळंच होतं. छापील तक्त्यावर विसंबून न राहता ते मूळ वहीपर्यंत गेले. १८९२ या एका वर्षातल्या दाखल रुग्णांची प्रकरणं त्यांनी एकेक करून तपासली.

त्या वर्षी इस्पितळांत एकूण १,३४४ रुग्ण दाखल झाले होते. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे भांग-गांजा-चरस हे कारण लिहिलेलं होतं. फेरतपासणीत टिकले किती? ९८. त्यातही निव्वळ गांजासारख्या पदार्थामुळे म्हणावेत असे ६१. उरलेल्या ३७ जणांत इतर कारणंही मिसळलेली होती. म्हणजे निम्म्याहून अधिक नोंदींना आधारच नव्हता.

मग त्या नोंदी आल्या कुठून? इथे जरा थांबा, कारण हा भाग तुमच्या उपयोगाचा आहे. रस्त्यावर भरकटणाऱ्या माणसाला पोलीस पकडून आणायचे. तो धड बोलण्याच्या अवस्थेत नाही, नातेवाईक जवळ नाहीत. फॉर्ममध्ये मात्र कारणाचा रकाना आहे आणि तो भरायचा आहे. पोलिसाने आपल्या कागदावर 'गांजा' लिहिलेलं असतं, कारण माणूस बैराग्यासारखा दिसतो किंवा कुणीतरी तसं सांगितलेलं असतं. इस्पितळातला कारकून तेच वहीत उतरवतो. वर्षाअखेरीस वहीची बेरीज होते, बेरजेचा तक्ता होतो, तक्ता छापून लंडनला जातो. पोलिसाचा अंदाज तिथे पोचेपर्यंत वैद्यकीय सत्य झालेला असतो.

जेम्स मिल्स या इतिहासकाराने या नोंदींवर सविस्तर काम केलं आहे. आणि मूळ अहवाल वाचायला आता लंडनला जायची गरज नाही. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने तो संकेतस्थळावर खुला ठेवला आहे. मुंबई इलाख्याच्या साक्षी त्यात आहेत. एक दिवस काढा आणि नुसते चाळा.

पण लगेच आयोगाच्या प्रेमात पडू नका. मीही पडलो होतो. अबकारी करातून सरकारला उत्पन्न मिळत होतं, आणि 'मर्यादित सेवनाने फारसे नुकसान नाही, बंदी नको' हा निष्कर्ष तिजोरीला सोयीचा होता. त्याच काळात बसलेल्या अफूच्या रॉयल कमिशननेही १८९५ मध्ये साधारण असाच, सरकारला सोयीचा निष्कर्ष काढला. गांजा आयोगातल्या दोन हिंदी सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या आहेत. अफू आयोगात हेन्री विल्सन यांनी वेगळं मत नोंदवलं. अहवाल वाचताना या भिन्नमतपत्रिका आधी वाचायची सवय लावा. बहुमताने काय सोडून दिलं ते तिथे सापडतं.

तेव्हा आयोगाची पद्धत चांगली होती आणि आयोगाचे हितसंबंधही होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुमच्या प्रबंधात दोन्ही यायला हव्यात.

दुसरे अठ्ठ्याण्णव : गिरणगावातली बाळगोळी

आता जो आकडा मला आजही अस्वस्थ करतो तो.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत बाळंतपणाच्या रजेचा ठराव झाला. त्या पार्श्वभूमीवर मुंबई सरकारने गिरण्यांमधल्या बायकांची स्थिती पाहायला एक डॉक्टरबाई नेमल्या, डॉ. बार्न्स. त्यांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये आला. त्यात एक वाक्य आहे. त्याचा आशय असा की कामगार स्त्रियांच्या ९८ टक्के तान्ह्या बाळांना अफू दिली जाते.

शंभरातल्या अठ्ठ्याण्णव! मराठीत 'अफूची गोळी देणे' हा वाक्प्रचार आपण राजकारणापासून टीव्ही मालिकांपर्यंत कुठेही वापरतो. गिरणगावात ही गोळी खरोखरची होती. बाळगोळी म्हणत तिला.

पहिली प्रतिक्रिया काय येते? 'अरेरे, केवढं अज्ञान!' त्या काळच्या अनेक वाचकांची हीच झाली. अफूविरोधी चळवळीतल्या लोकांनी हा आकडा उचलला आणि तो इंग्लंड-अमेरिकेतल्या पुस्तकांत गेला. सी. एफ. अँड्र्यूज यांनी १९२६ मध्ये हिंदुस्थानातल्या अफूवर पुस्तक लिहून ब्रिटिश सरकारला जबाबदार धरलं. राष्ट्रसंघात वाद झडले. आकडा खूप फिरला, पण ज्या बायकांबद्दल तो होता त्यांचा आवाज त्याच्याबरोबर गेला नाही.

आपण काय करायचं? तोच आकडा घेऊन त्याला साधे प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : हा आकडा नेमकं काय मोजतो? तो दिली का, एवढंच सांगतो. किती दिली, रोज दिली की पोट बिघडलं तेव्हाच दिली, हे सांगत नाही. सर्दीला एकदा चाटवलेली आणि दहा महिने रोज दोनदा दिलेली, दोन्ही एकाच ९८ मध्ये बसतात. आजच्या भाषेत सांगायचं तर 'कधीतरी वापर' आणि 'अवलंबित्व' यांतला फरक त्यात नाही.

दुसरा प्रश्न : विचारलं कसं असेल? आपल्याकडे बाळगुटी वेगळी आणि बाळगोळी वेगळी. गुटी म्हणजे सहाणेवर उगाळलेलं वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ. 'बाळाला काही देता का?' आणि 'बाळाला अफू देता का?' या दोन प्रश्नांना वेगळी उत्तरं येणार. विचारणारी बाई सरकारी, उत्तर देणारी खोलीच्या दारात उभी. अशा वेळी 'हो' कशाला आणि 'नाही' कशाला म्हटलं जातं, याचा विचार करायला हवा. मौखिक मुलाखती घ्यायच्या असतील तर ही शिकवणी आजही लागू आहे.

तिसरा प्रश्न : का देत होत्या? १९२२ च्या कायद्याने कामाचा दिवस अकरा तासांवर आला. त्याआधी तो आणखी लांब होता. येण्याजाण्याचा वेळ वेगळा. गिरणीत पाळणाघर बहुतेक ठिकाणी नव्हतं. चाळीतल्या एका खोलीत दोन-तीन कुटुंबं. बाळ शेजारच्या म्हातारीकडे ठेवायचं, तर ते रडून चालणार नाही. शिवाय अफू हे जुलाबावरचं खरंखुरं औषध होतं आणि त्या वस्तीत तान्ह्या बाळाला जुलाब ही नेहमीची गोष्ट. म्हणजे गोळी औषध होती, पाळणाघर होती आणि आईच्या रोजगाराची अटही होती. त्यातून नुकसान होत होतं हेही तितकंच खरं. गुंगीतलं बाळ नीट पीत नाही, वाळत जातं, आणि मात्रा चुकली तर उठतच नाही.

हे सगळं मांडलं की ९८ टक्क्यांचा अर्थ बदलतो. तो आयांच्या अज्ञानाचा आकडा राहत नाही. मुंबईच्या कापड धंद्याने बालसंगोपनाचा खर्च कुणावर टाकला होता, त्याचा आकडा होतो. पुढे १९२९चा बाळंतपण भत्त्याचा कायदा आला. १९३४च्या फॅक्टरी कायद्यात, जिथे पन्नासहून अधिक बायका कामाला आहेत तिथे मुलांसाठी खोली ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतांना मिळाला. गोळीवर उपाय म्हणून पोलीस कामाचा नव्हता, पाळणाघर कामाचं होतं, हे तेव्हाच्या काही लोकांना कळलेलं होतं.

चौथा प्रश्न : दुसऱ्या स्रोताशी जुळतो का? त्या काळात राष्ट्रसंघाच्या मापानुसार, औषधासाठी म्हणून दहा हजार वस्तीमागे वर्षाला साधारण ६ शेर अफू पुरेशी मानली जायची. मुंबई शहराचा आकडा ४३ शेर दिला जायचा, कलकत्त्याचा १४४. ४३ शेर म्हणजे सुमारे ४० किलो, म्हणजे माणशी वर्षाला ४ ग्रॅम. मापाच्या सातपट आहे, तेव्हा शहरात अफू मुबलक होती यात शंका नाही. पण ही परवानाधारक दुकानांतली विक्री आहे. ती खाल्ली कुणी? बाळांनी किती, म्हाताऱ्यांनी किती, बाहेरगावी किती गेली, हे त्यातून कळत नाही. उलट संस्थानांतून चोरून आलेली अफू या ४३ मध्ये नाहीच. सरकारने दर वाढवून विक्री घटवली, तर वापर घटला की माल दुसऱ्या वाटेने यायला लागला, हे विक्रीचा तक्ता सांगू शकत नाही.

छेद तपासा : माहेरपणाचा घोळ

याच काळातला आणखी एक आकडा लगेच सांगून टाकतो, कारण मी त्याच्यावर एकदा आपटलो आहे. १९२१ मध्ये मुंबईचा बालमृत्यूदर हजारी साडेसहाशेहून जास्त नोंदला गेला. हजारातली साडेसहाशे बाळं वर्षाच्या आत गेली! मी एका सेमिनारमध्ये तो बाळगोळीशी जोडून मोकळा झालो होतो.

प्रश्नोत्तरांत एका ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "अहो, त्या बायका बाळंतपणाला कुठे जायच्या?" माहेरी. रत्नागिरीला, साताऱ्याला. जन्माची नोंद गावी झाली किंवा झालीच नाही. चार महिन्यांनी बाळ घेऊन बाई परत आली आणि ते दगावलं, तर मृत्यूची नोंद मुंबईत. अंश मुंबईचा, छेद अर्धा कोकणात. दर फुगणारच. खरी परिस्थिती भीषण होती यात वाद नाही. एका खोलीत राहणाऱ्यांचे दर इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. पण त्या संख्येवर अफूचा परिणाम मोजायला बसणं म्हणजे फुटक्या मापाने दूध मोजणं.

आराखडा लिहिताना टक्का किंवा दर दिसला की विचारा : वर काय, खाली काय, आणि दोन्ही एकाच ठिकाणी मोजलंय का?

गर्द : सोपं कारण आणि नीट कारण

आता साठ वर्षं पुढे येऊ. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत ब्राउन शुगर आली. मराठीने तिला पटकन नाव दिलं, गर्द. ओढणारा तो गर्दुल्ला. पुडी, पन्नी हे शब्द पुलाखालून थेट वर्तमानपत्रात आले.

याचं एक कारण आपल्याकडे तयार आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार रस्त्यावर आले, घरं मोडली, पोरं बेकार झाली, गर्दकडे वळली. कथा म्हणून घट्ट बसते. मीही पहिल्या मसुद्यात हेच लिहिलं होतं.

ही कथा तपासायची कशी? दुसऱ्या शहराशी तुलना करून. त्याच काही वर्षांत गर्द दिल्लीत पसरली, कोलंबोत पसरली, आणि कराचीत तर त्याहून मोठ्या प्रमाणात. तिथे गिरणी संप नव्हता. म्हणजे 'तेव्हाच का आली' याचं उत्तर संपात नाही. ते पुरवठ्यात शोधावं लागतं. १९७९ हे वर्ष बघा : इराणमध्ये क्रांती, पाकिस्तानात झियांचा बंदी आदेश, अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा. त्या पट्ट्यातल्या अफूच्या जुन्या वाटा विस्कटल्या, हेरॉइन तयार करणं वाढलं आणि माल दक्षिणेकडे वाहू लागला. मुंबई बंदर म्हणून त्या वाटेवरच होती.

मग संपाचा काहीच संबंध नाही? असेलही. पण तो 'मुंबईत कुणाला लागली' या प्रश्नाशी असेल, 'केव्हा आली' याच्याशी नाही. एका प्रश्नाचे असे दोन भाग करता आले की प्रकरण सुटायला लागतं.

दुसरं एक विधान तुम्हाला वाचनात भेटेल. काही अभ्यासक मांडतात की १९८५च्या एनडीपीएस कायद्याने गांजा आणि हेरॉइन एकाच कडक चौकटीत टाकले, त्यामुळे विकणारे कमी जागेत मावणाऱ्या आणि जास्त पैसे देणाऱ्या मालाकडे वळले. विचार करण्यासारखं आहे. पण सनावळी बघा. कायदा लागू झाला १४ नोव्हेंबर १९८५ ला, गर्द त्याआधीच शहरात होती. कायद्यामुळे ती टिकली किंवा वाढली असं म्हणता येईल का, हा संशोधनाचा प्रश्न आहे. कायद्यामुळे ती आली असं मात्र म्हणता येत नाही.

आणि इथे आकड्यांची गंमत पुन्हा तीच. आधीच्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त ३ वर्षं शिक्षा होती, नव्या कायद्यात अनेक गुन्ह्यांना किमान १० वर्षं. पोलिसांचं लक्ष वाढलं, वेगळी पथकं आली. तेव्हा १९८५ नंतर चढणाऱ्या रेषेत गर्द किती आणि कायदा किती, हे वेगळं केल्याशिवाय ती रेषा प्रबंधात टाकू नका.

या काळासाठी मराठीत एक मौल्यवान स्रोत आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांवर लिहिलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिलं, आणि १९८६ मध्ये पुण्यात, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात, डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण सुरू झालं. पोलिसी कागदात आरोपी म्हणून दिसणारा मुलगा अवचटांच्या लिखाणात घर, आई, नोकरी, भीती यांच्यासकट दिसतो. पण याही स्रोताला मर्यादा आहेतच. व्यसनमुक्ती केंद्रात तोच येतो ज्याला कुणीतरी आणतं. ज्याला घर नाही तो त्या वहीत कमी दिसणार. बायका तर फारच कमी, कारण घरची माणसं ते लपवतात. केंद्रातल्या नोंदी वाढल्या तर व्यसन वाढलं असेल, किंवा लोकांची लाज कमी झाली असेल. दुसरी शक्यता खरं तर आनंदाची आहे.

एमडी, आणि शून्याचा अर्थ

आजच्या काळावर जास्त रेंगाळत नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

मेफेड्रोन, म्हणजे एमडी, एनडीपीएसच्या यादीत आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याआधी मुंबईत ते विकलं जात होतं, मुलं घेत होती, पालक डॉक्टरांकडे धावत होते. पण यादीत नाही म्हणजे त्या कायद्याखाली गुन्हा नाही. गुन्हा नाही म्हणजे तक्त्यात शून्य. हे शून्य वापराचं नव्हतं, कायद्याचं होतं.

दुसरी गोष्ट. एनसीआरबीच्या अहवालात महाराष्ट्रात २०१९ मध्ये एनडीपीएसचे सुमारे १४ हजार गुन्हे आहेत, २०२० मध्ये ते पाच हजारांच्या आत आले. दोन तृतीयांश घट! २०२० मध्ये काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. पोलीस नाकाबंदीवर होते. रस्त्यावर ओढताना पकडायला ओढणारेही रस्त्यावर नव्हते. आणि या गुन्ह्यांत सेवनाचे गुन्हे किती, विक्रीचे किती, हे वेगळं पाहिल्याशिवाय 'पुरवठा' हा शब्द वापरू नका. सेवनाचे हजार गुन्हे हजार लहान अटकांचे असतात. २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला एमडीचा कारखाना उघडकीला आणला, तिथे मालाचं वजन प्रचंड, पण तक्त्यात ते प्रकरण मोजक्याच गुन्ह्यांत मावतं. गुन्हे, किलो आणि कोटी या तीन मापांचे तीन आलेख तीन वेगवेगळ्या दिशांना जाऊ शकतात. कोटींचा आलेख तर सगळ्यात बेभरवशाचा, कारण 'बाजारभाव' कोणत्या गल्लीतला धरला ते कुणी लिहीत नाही.

पोलिसी नोंदींना पर्याय म्हणजे घरोघरचं सर्वेक्षण. एम्सच्या केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेला २०१९चा देशव्यापी अहवाल बघा. दोन लाखांवर घरांत ते गेले. पण हेरॉइन घेणारा माणूस घरी सापडत नाही किंवा सांगत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी दुसरी पद्धत जोडली. व्यसन असलेल्या व्यक्तीकडूनच ओळखीच्या पुढच्या व्यक्तीपर्यंत पोचायचं. अहवालातलं पद्धतीचं प्रकरण मुद्दाम वाचा. निष्कर्षांपेक्षा तुम्हाला तेच जास्त शिकवेल.

तर तुमच्या आराखड्यात काय करायचं?

मी आता प्रत्येक आकड्यापुढे वहीत चार ओळी लिहितो. कुणी नोंदवला? कशासाठी नोंदवला? त्या वर्षी कायदा काय म्हणत होता? आणि जो या आकड्यात दिसत नाही तो कोण? चौथ्या ओळीला वेळ लागतो, पण प्रबंधाचा विषय बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

मुंबईत काम करणार असाल तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात जा. महसूल खात्याच्या कागदांत अबकारीच्या फायली मागा. पहिला आठवडा काही हाती लागणार नाही, घाबरू नका. एखाद्या कलेक्टरच्या पत्रात 'नक्की आकडा सांगता येत नाही' असं वाक्य सापडलं तर ते उतरवून घ्या. छापील तक्त्यात ते वाक्य पुसलेलं असतं.

'आकड्यांवर विश्वासच ठेवायचा नाही का मग?' असं मला ज्युनिअर नेहमी विचारतात. ठेवायचा, पण तपासून. १८९२ मध्ये २२२ जणांच्या नावापुढे कुणीतरी न विचारता 'गांजा' लिहिलं होतं. वही उघडून बघणाऱ्यांमुळे त्यातले १२४ जण त्या शिक्क्यातून सुटले. १९२२च्या आयांच्या बाबतीत ते काम अजून पुरतं झालेलं नाही. आजही तो ९८चा आकडा त्यांच्या अज्ञानाचा पुरावा म्हणून उद्धृत झालेला मी वाचतो. गिरणीचा भोंगा किती वाजता व्हायचा हे त्याच्या शेजारी लिहिलेलं क्वचितच सापडतं.

माझ्या आराखड्यातलं पहिलं वाक्य आता असं आहे : 'मुंबईत अमली पदार्थांच्या नोंदी कुणी, कधी आणि का ठेवल्या, याचा हा अभ्यास आहे.' गाईडनी त्याखाली अजून तरी रेघ मारलेली नाही.